डाव्या बशीतले अंडे

सीताफळाची साल.

घाटात बंद पडलेली बस. मागच्या चाकाला लावलेला दगड.

भातशेताचा एक कोपरा. नांगर त्याला वळसा घालतो.

मातीतल्या एका अतिसूक्ष्म जीवाने तयार केलेले पांढरे औषध. चिमूटभर.

निरगुडीची फांदी, चिखलात रोवलेली.

'बस सुटली असती.'

एक.

मित्रांनो, मी एक जुने अंडे आहे. बेडकाचे. वरच्या ओळींचा एकमेकींशी काही संबंध नाही असे तुम्हाला वाटेल. पण त्या सगळ्या माझ्याच आत पडून आहेत. तुमच्या शरीरात कोट्यवधी खोल्या आहेत. हाडांच्या वेगळ्या, रक्ताच्या वेगळ्या, आठवणींच्या वेगळ्या. या खोल्यांना पेशी म्हणतात. मला एकच पेशी. जे आहे ते एकावर एक टाकलेले. सांगायला बसले की हाताला लागेल ते आधी बाहेर येते.

बेडकाचे अंडे जुने कसे, असे तुम्ही विचाराल. बरोबर आहे. माझ्या जातीत कोणी जुने होत नाही. थोड्याच दिवसांत शेपूट फुटते आणि अंड्याचे अंडेपण संपते. नाहीतर पांढरी बुरशी चढते आणि तसेही संपते. मी या दोन्हींतून सुटले. जोयड्याच्या एका हायस्कुलात, प्रयोगशाळेच्या लाकडी कपाटात, एका चिमुकल्या बाटलीत मी आहे. माझ्या एका बाजूला जबडा हरवलेली कवटी आहे आणि दुसऱ्या बाजूला चेपलेला पृथ्वीचा गोल. बाटलीवर कन्नडमध्ये आणि मराठीत लिहिले आहे: 'न विभागलेले अंडे'.

मी काय झाले नाही, तीच माझी ओळख.

*

आता नीट सांगते.

गुंद गावात पुतळीबाईंचे भाताचे शेत आहे. शेताच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साठते. लावणीच्या आधी चिखलणी होते, म्हणजे सगळे शेत ढवळून चिखल मऊ करतात. तेव्हा पुतळीबाई तो कोपरा तेवढा सोडतात. तिथे बेडक्या अंडी घालतात. पोरांना पाय फुटून ती बाहेर पडली की मगच त्या कोपऱ्यात नांगर जातो. त्यांच्या सासूबाईही असेच करत. आता नांगर गेला आणि टिलर आला. टिलर त्यांचा मुलगा सूरज चालवतो. वळसा मात्र तोच आहे.

एका सकाळी, रिमझिम चालू असताना, माझ्या आईने मला त्या कोपऱ्यात सोडले. माझ्यासारखी शेकडो. मोहरीएवढी, वरून काळी, खालून फिकट, भोवती पातळ चिकाचे पांघरूण. आई उडी मारून निघून गेली. त्याचा मला राग नाही. सगळ्याच बेडक्या जातात. जाण्याआधी तिने माझ्यात काय काय भरून ठेवले होते ते पाहिले तर राग येणारच नाही.

बांधावर पुतळीबाईंची मुलगी उजाडल्यापासून बसून होती. तिचे नाव मयूरी. ती त्याच हायस्कुलात गेस्ट टीचर होती. दुसऱ्या दिवशी रामनगरला शाळांचे विज्ञान प्रदर्शन होते आणि तिला तिथे एक प्रयोग मांडायचा होता. अंडी पडताना दिसली तशी ती पांढरे भगुणे घेऊन पाण्यात उतरली. मागून पुतळीबाई आल्या. त्यांच्या मागून टिलर ढकलत सूरज.

"किती घेतीस?" पुतळीबाईंनी विचारले.

"मूठभर, आये."

"मूठ कुणाची? तुझी का माझी?"

"तुझी म्हण."

"मग माझ्या मुठीनं काढ. माझी ल्हान हाय."

सूरज टिलरला टेकून हसत होता. "ह्या घरात बेडकाच्या नावावर जमीन हाय. माझ्या नावावर न्हाई. आये, मी बी ओरडू का रात्रभर? मला बी एक कोपरा दे की."

"तू वरडतोसच की घोरताना. त्येच्यासाठी कोपरा न्हाई, गोठा देते," पुतळीबाई म्हणाल्या. मग त्या मयूरीकडे वळल्या. "काय करणार ह्येंचं?"

मयूरीने सांगितले. मी तेव्हा भगुण्यात आले होते, म्हणून मला स्पष्ट ऐकू आले. अंडे एकाचे दोन होते, दोनाचे चार होते. काही अंडी साध्या पाण्यात ठेवायची. काही औषधाच्या पाण्यात ठेवायची. औषधातल्यांची वाटणी थांबते.

"थांबवायचं कशाला?" पुतळीबाईंनी विचारले.

"थांबलं कशानं ते कळलं की चालतं कशानं ते कळतं."

"आनि मग?"

"मग धुवायचं. साध्या पाण्यानं, चारपाच वेळा. वेळेत धुतलं की परत चालू होतं. मी नुसते फोटो घेणार, आये. अंडी सगळी परत सोडणार."

"कोन उकरला की आपण त्येचं टाळकं परत मातीत पुरतो. व्हय की न्हाई?" कोन म्हणजे जमिनीखालचा एक मोठा कंद. त्याचा वरचा तुकडा परत पुरला की पुढच्या वर्षी नवा कंद धरतो.

"व्हय."

"तसं हाय ह्ये. पान्यातलं पान्यात यायला पायजे, बाय. एक बी मागं ऱ्हायला नको."

"शब्द देते," मयूरी म्हणाली.

पुतळीबाईंनी बांधावरच्या निरगुडीची एक फांदी मोडली आणि कोपऱ्याच्या तोंडाशी चिखलात रोवली. ही त्या घराची रीत आहे. कोपऱ्यातले काहीही बाहेर असले की फांदी उभी राहते. फांदी उभी आहे तोवर तिथे टिलर तर सोडाच, पाय घालायचा नाही. बाहेर गेलेले परत आले की फांदी उपटायची.

"म्हंजे आज चिखलणी न्हाई," सूरज म्हणाला.

"वर कर. खाली हिची अंडी आली की."

मित्रांनो, मी भगुण्यातून ती फांदी पाहिली. माझ्या नावाने कोणी काही रोवले आहे, या विचाराने मला फार बरे वाटले. मी त्या शब्दावर विश्वास ठेवला. विश्वास न ठेवण्याचे कारण नव्हते. माझे वय तेव्हा दूध तापायला जेवढा वेळ लागतो तेवढे होते.

*

पडवीत टेबल होते. टेबलावर शाळेतून आणलेले सूक्ष्मदर्शक होते. त्याच्या उजवीकडे एक काचेची बशी, डावीकडे एक काचेची बशी. मयूरीने आम्हाला दोन्हींत वाटले. उजवीत साधे पाणी, डावीत औषध. औषध तिच्या मैत्रिणीने, नेत्राने, धारवाडच्या प्रयोगशाळेतून दिले होते. मयूरीने हातमोजे घातले होते. वापरलेले पाणी शेतात जाऊ नये म्हणून तिने वेगळा कॅन ठेवला होता. ती निष्काळजी मुलगी नव्हती. हे मी मुद्दाम सांगते आहे. निष्काळजीपणाने झाले असते तर मी केव्हाच विसरले असते.

मी डाव्या बशीत पडले.

आता माझ्या आत काय झाले ते ऐका. हे बाहेरून कोणाला दिसत नाही.

आईने मला सगळे दिले होते. खायला पिवळ्या बलकाच्या कण्या. प्रथिने घडवणारे लाखो कारागीर. कोणते प्रथिन कसे घडवायचे त्याचे निरोप, तेही तयार. पेशी वाटताना जे दोर लागतात त्यांचे सामान. पुढच्या कित्येक वाटण्यांना पुरेल इतके. बाहेरून एक कणही आणायला नको.

एकच गोष्ट तिने साठवून दिली नव्हती. तिचे नाव सायक्लीन. तेही एक प्रथिनच. आईच्या पोटातून येताना ते माझ्यात थोडे होते, पण बापाचा स्पर्श होताच माझ्या आतल्या यंत्रणेने ते मोडून टाकले. पुढचे मीच घडवायचे होते. ताजे. दर वाटणीला नव्याने.

असे का, हे कळायला मला पुतळीबाईंचा कोपरा आठवावा लागला. वरच्या पाटातून पाणी थेंबथेंब येते. कोपऱ्यात साठत जाते. बांधाच्या काठाला लागले की पुतळीबाई खोऱ्याने बांधाचे तोंड मोकळे करतात आणि साठलेले सगळे पाणी खालच्या वाफ्यात जाते. मग त्या तोंड बंद करतात. पाणी पुन्हा साठू लागते. सायक्लीनचे तसेच आहे. कारागीर ते घडवत राहतात, ते साठत जाते. माझ्यात एक जोडीदार कायम झोपलेला असतो. पुरेसे सायक्लीन त्याला येऊन मिळाले की तो उठतो, आणि तो उठला की वाटणी सुरू होते. वाटणी होता होता सगळे सायक्लीन मोडून टाकले जाते. कोपरा रिकामा. जोडीदार परत झोपी जातो. पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून आईने ते साठवून दिले नाही. साठा असता तर पाणी कायम काठाला राहिले असते. मग एक वाटणी संपून दुसरी सुरू झाली, हे कळले कशावरून असते? भरणे आणि रिकामे होणे, यालाच आमच्यात वेळ म्हणतात.

औषधाने काय केले? कारागिरांचे हात धरले. बस एवढेच. निरोप होते, सामान होते, खायला होते. घडवणारे हात थांबले. वरचा पाट आटला.

मी तरीही माझे काम केले. माझ्या मध्यभागी जे धागे असतात, ज्यांत बेडूक कसे व्हायचे ते लिहिलेले असते, त्यांची मी दुसरी प्रत काढली. ते मला जमले, त्याला सायक्लीनची वाट पाहावी लागली नाही. दोन्ही प्रती तयार झाल्या. एक इकडच्या अर्ध्याला, एक तिकडच्या अर्ध्याला. आता फक्त जोडीदार उठायचा होता.

मी वाट पाहिली.

इथे एक रेघ यायला हवी होती.

*

उजवी बशी: दोन.

डावी बशी: एक.

उजवी बशी: चार.

डावी बशी: एक.

उजवी बशी: आठ.

डावी बशी: एक.

उजवी बशी: आता मोजता येत नाही. सीताफळाच्या सालीसारखे डोळेच डोळे.

डावी बशी:

*

मित्रांनो, औषधाने मला दगा दिला असे म्हणू नका. ते जे करते असे मयूरीने सांगितले होते तेच त्याने केले. शिवाय ते कोणा दुष्टाने बनवलेले नव्हते. मातीत राहणारा एक अतिसूक्ष्म जीव आजूबाजूच्या बुरशीला हटवायला ते बनवतो. त्याला माझी माहितीही नाही.

आणि मी मेले नव्हते. हे नीट लक्षात ठेवा. थांबणे वेगळे. मेलेले अंडे डागाळते, फुगते, त्याची त्वचा सुटते. मी गुळगुळीत होते. माझ्या आत दोन्ही प्रती शेजारी शेजारी होत्या आणि कारागीर हात सुटण्याची वाट पाहत होते.

मग मयूरीने धुवायला घेतले. ड्रॉपरने एकेकाला उचलायची, साध्या पाण्यात सोडायची, ते पाणी कॅनमध्ये ओतायची, पुन्हा नवे पाणी. धुतलेल्यांना तिने मधल्या एका तिसऱ्या बशीत ठेवले. बराच वेळ काही झाले नाही. ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. आणि एकदम ओरडली, "आली!"

मघापर्यंत माझ्या शेजारी असलेल्या भावंडाच्या डोक्यावर रेघ उमटली होती. आधी एक खळी, मग खळीतून दोन्ही बाजूंना धावत गेलेली रेघ. एकाचे दोन. मी काचेतून पाहिले. मला सांगता येत नाही मित्रांनो, मला किती आनंद झाला. औषध धुतले जाते. हात सुटतात. पाट पुन्हा वाहतो. शब्द खरा आहे.

मधल्या बशीत आणखी रेघा उमटल्या. डाव्या बशीत आता मी एकटेच राहिले होते. ड्रॉपरचे टोक माझ्याकडे आले.

"मयूरे!"

फाटकाशी शिवानंदमामा उभे होते. ते शेजारी राहतात, त्यांची जीप आहे, गुंद ते जोयडा वडाप करतात, म्हणजे भाड्याने माणसे नेतात. मयूरी ड्रॉपर हातात धरूनच फाटकाकडे गेली. मामा दोन वाक्ये बोलले. चहा नको म्हणाले आणि गेले. ती दोन वाक्ये माझ्या तळाशी कुठे तरी पडली आहेत. आत्ता हाताला येत नाहीत.

ती परत आली. खाली बसली. ड्रॉपर टेबलावर ठेवला आणि मला सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. बराच वेळ ती पाहत राहिली. आधी माझ्याकडे. मग मोबाइलमधल्या माझ्या फोटोकडे. मग परत माझ्याकडे.

फोटोत मी एक काळा ठिपका होते. प्रत्यक्षात मी सुंदर होते. इतर सगळी वाटली गेलेली असताना एक पूर्ण, अखंड, गोल अंडे. तिने ते हळू म्हटलेसुद्धा. "फोटो काय, सगळ्यांकडेच असतात."

टेबलाखाली फॉर्मालिनची बाटली होती. मेलेल्या गोष्टी टिकवायला हा द्रव वापरतात. प्रदर्शनातल्या दुसऱ्या कोणाच्या खेकड्यासाठी शाळेने ती तिच्याकडे दिली होती. तिने त्यातले थोडे चिमुकल्या बाटलीत ओतले.

"बसची वेळ झाली," ती म्हणाली. पडवीत तेव्हा दुसरे कोणीच नव्हते. मग ती हे कोणाला सांगत होती?

तिने मला उचलले. मला वाटले, धुवायला.

*

एक.

*

बाटली पिशवीत गेली. पिशवीतून मला पुढचे ऐकू आले. मयूरी उजवी आणि मधली बशी घेऊन कोपऱ्यात जाऊन आली. पुतळीबाई पडवीच्या पायरीवर पाय धूत होत्या.

"सोडली?"

"सोडली, आये."

"सगळी?"

"सगळी."

"मागं एक बी न्हाई?"

"न्हाई म्हणते की. तुझा भरोसा न्हाई काय माझ्यावर?"

"तुझ्यावर न्हाई तर कुणावर गं," पुतळीबाई म्हणाल्या आणि हसल्या. "सूरज! फांदी काढून टाक. पोरांना पाय फुटले की घाल तुझा गाडा."

मित्रांनो, फांदी उपटताना आवाज होतो. चिखल ती सहज सोडत नाही. तो आवाज पिशवीपर्यंत आला.

मयूरी निघाली तेव्हा पुतळीबाई तिला पोचवायला रस्त्यापर्यंत आल्या. त्यांनी तिच्या पिशवीत, माझ्या बाटलीशेजारी, भाकरीची पुरचुंडी घातली. भाकरी गरम होती. बाटलीची ती बाजू थोडा वेळ ऊबदार झाली.

रामनगरच्या प्रदर्शनात माझे फार कौतुक झाले. एका बाजूला पवनचक्की, दुसऱ्या बाजूला ज्वालामुखी, आणि मध्ये मी, भिंगाखाली. बेळगावहून आलेले परीक्षक वाकून म्हणाले, "म्हणजे हे आत तयार आहे, पण वाटलं जात नाही? वा! पेशीला घड्याळ कुठून मिळतं ते या एका अंड्यानं दाखवलं." रांग लागली. ट्रकवाल्यांची मुले आली, दुकानदारांची आली, कोणाचे तरी आजोबा आले आणि "ह्येला काय बघायचं, राई हाय ही" म्हणून पुढे गेले. मयूरीला ढाल मिळाली. तिचा फोटो शाळेच्या व्हरांड्यात लागला. दोन वर्षांनी ती कायम झाली. ती चांगली शिकवते. मुले तिच्यावर जीव टाकतात. हेही खरे आहे, म्हणून सांगितले पाहिजे.

सुरुवातीला दर वर्षी मला बाहेर काढत. मयूरी टीचर मला उजेडात धरायची, सायक्लीन सांगायची, कारागिरांचे धरलेले हात सांगायची. मुले एकेक करून डोळा लावायची. शेवटी कोणी तरी विचारायचेच, "टीचर, मग धुतलं का न्हाई?"

"बस सुटली असती," ती सांगायची. सहज. पहिल्या वर्षी तिचा आवाज थोडा अडखळला होता. नंतर नाही.

हळूहळू मला बाहेर काढणे कमी झाले. पडद्यावर चित्रफीत दाखवता येऊ लागली. तिच्यात अंडे रंगीत होते आणि वाटले जाताना हलत होते. माझा काळा रंग उतरून चहासारखा झाला. बुचातून द्रव उडत गेला आणि मी तिरके, बाटलीच्या एका कडेला टेकले. कपाटाच्या दाराशी कोळ्याने घर केले. कवटीशी माझी ओळख वाढली. तिलाही आपला जबडा कोणी नेला ते माहीत आहे आणि तीही बोलत नाही.

*

गेल्या थंडीत शाळेत कंदांचे प्रदर्शन होते. इकडच्या रानात आणि परसात जे कंद होतात ते घराघरांतून आणून मांडायचे होते. टेबले कमी पडली म्हणून प्रयोगशाळा उघडली, आणि जागा करायला रक्षिता नावाच्या मुलीने आमचे कपाट रिकामे करायला घेतले. रक्षिता तेव्हा आठवीत होती, गुंदचीच आहे. तिने मला टेबलावर ठेवले आणि दारातून पुतळीबाई आत आल्या. डोक्यावर पोते होते, पोत्यात मांडीएवढे कोन.

"कुठं ठेवू गं ह्ये मुडदे?" त्यांनी विचारले आणि सगळी मुले हसली. पोते खाली ठेवताना त्यांची नजर बाटलीवर गेली. "ह्ये काय?"

"ते अंडं हाय, आज्जी. बेडकाचं," रक्षिता म्हणाली. "टीचर, मला एक विचारायचं हुतं. ह्ये मेलेलं हुतं का थांबलेलं?"

मयूरी टीचर कागदी पट्ट्या चिकटवत होती. तिने वर न बघता उत्तर दिले. "थांबलेलं. धुतलं असतं तर उठलं असतं. वेळ न्हाई मिळाला. बस सुटली असती."

मग तिने वर पाहिले.

पुतळीबाईंनी बाटली हातात घेतली होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली.

"आपल्या कोपऱ्यातलं?"

"आये, मुलं हायत."

"असू देत की. आपल्या कोपऱ्यातलं?"

"...व्हय."

"तू म्हणालीस, सगळी सोडली."

"एकच हुतं, आये. राईएवढं."

"मी फांदी काढायला लावली."

मुलांनी कंदांवरची माती झाडणे थांबवले होते.

"आता सोडता येतंय?" पुतळीबाईंनी विचारले.

"न्हाई. ह्या पाण्यात विष असतंय. ह्येचा थेंब गेला तर बाकीची पोरं मरतील."

"म्हंजे आता घरी बी येत न्हाई."

"न्हाई."

"बस सुटली असती," पुतळीबाई सावकाश म्हणाल्या. त्या आपल्या मुलीच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या ओरडल्या नाहीत. "बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी मला टेबलावर ठेवले, सरळ उभे, कोनांच्या मध्ये. रिकामे पोते झटकले, घडी केली आणि निघून गेल्या.

"टीचर, आज्जी रागावल्या काय?" रक्षिताने विचारले.

"पट्ट्या चिकटव," टीचर म्हणाली.

*

पुढचे मला रक्षिताकडून कळते. ती आता रोज मधल्या सुट्टीत कपाट उघडते आणि मैत्रिणींना गावच्या गोष्टी सांगते. मी ऐकते.

त्याच दिवशी घरी जाऊन पुतळीबाईंनी निरगुडीची फांदी मोडली आणि कोपऱ्याच्या तोंडाशी रोवली. पावसाळा आला. बेडक्या आल्या, अंडी झाली, पोरांना पाय फुटले, ती निघूनही गेली. सूरज टिलर घेऊन उभा राहिला. "आये, गेली की सगळी. काढ फांदी."

"एक बाहेर हाय," पुतळीबाई म्हणाल्या.

"ते येणार हाय व्हय आता?"

"म्हणून काय झालं? बाहेर हाय ते हाय."

तो कोपरा या वर्षी लावला नाही. पुढच्या वर्षीही लावणार नाहीत असे दिसते. मयूरी सुट्टीत घरी जाते, जेवते, आईचे पाय चेपते. पण कोपऱ्याकडे गेली की पुतळीबाई नुसते म्हणतात, "तिकडं नको." तेवढेच. मोठ्याने नाही. रक्षिता सांगते की टीचर मग बांधावर उभी राहते आणि लांबून बघते.

आणि फांदी? निरगुडी ओल्या मातीत जगते. तिला मुळे फुटली. पाने आली. आता ती कमरेएवढी आहे. तिच्या एकेका शेंड्यात किती पेशी वाटल्या जात असतील त्याचा मी हिशेब करायला जाते आणि सोडून देते.

*

मित्रांनो, माझी गोष्ट संपत आली. माझ्या बाटलीत द्रव थोडा उरला आहे. बूच बदला, द्रव भरा, एवढी विनंती करता येईल. पण त्याने मी फक्त आणखी जुने होईन.

मला दुसरेच मागायचे आहे. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले कोणी प्रयोगशाळेत जाल. थांबवल्याशिवाय पुष्कळ गोष्टी कळत नाहीत, हे मला मान्य आहे. मी थांबले म्हणून कित्येक मुलांना आपल्या आतले घड्याळ कळले. तुम्हीही थांबवाल. कधी अंड्याला, कधी पाण्याला, कधी एखाद्या माणसाला, 'जरा थांब, मी आलेच' म्हणून. तेव्हा त्याच्यापाशी राहा. त्याच्या आत दोन्ही प्रती तयार असतात. ते तुमच्या ड्रॉपरकडे बघत असते. आणि धुवायचे राहिलेच, तर निदान बाटलीवर खरे कारण लिहा.

माझ्या आत आता थोडेच उरले आहे. तळाचे.

त्या सकाळी बस गणेशगुडीच्या अलीकडे घाटात बंद पडली होती. "बस येत न्हाई आज," शिवानंदमामा फाटकाशी येऊन म्हणाले होते, "दुपारी जेवून निवांत निघ, मी जीपनं सोडतो." तेव्हा ड्रॉपर मयूरीच्या हातात होता आणि मी अजून बशीत होते.